आठ गायींचा गोठा

८ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघे हल्ली वाकत नाहीत, तेव्हा आठ अंगांतून तेवढे वजा कर. बाकीचा नमस्कार पूर्ण आहे.

बातमी अशी, की तुझ्या भावाला सरकारने दुधात टाकलं आहे. दुधाचे भाव स्थिर करायला एक समिती नेमली आणि मला तिचा सचिव केलं. सचिव म्हणजे काय, तर इतर बोलतात ते लिहून घ्यायचं आणि त्यांनी जे बोलायला नको होतं ते विसरायचं. संस्कृत शिकलेल्या माणसाला देण्यासारखं याहून बरं काम सरकारजवळ नसावं.

समिती पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना दूध पचत नाही, कोरा चहा घेतात. खजिन्यातून आलेले एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मनातल्या मनात तिजोरीवाले म्हणतो. सरकार जणू त्यांच्या आईचे दागिने मोडून खर्च करतंय, असा त्यांचा चेहरा असतो. उरलेले दोघे मोठ्या डेअऱ्यांचे. यांच्यातल्या एकाने लहानपणी गाय पाठीमागून पाहिली होती. तो अनुभव त्याने सविस्तर सांगितला.

प्रश्न तसा सोपा आहे. दूध जास्त झालं की डेअऱ्या त्याची भुकटी करतात, भुकटी पडून राहिली की भाव पाडतात, भाव पडला की लोक गायी विकतात, मग दूध कमी पडतं आणि भाव पुन्हा चढतो. हा झोका थांबवायचा. एक किमान दर ठरणार, त्याच्या खाली कोणाला दूध विकत घेता येणार नाही. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते लहान गोठ्यांवरून. मला वाटतं त्यांना वाचवावं. तिजोरीवाले म्हणतात, आठ-दहा गायींचे गोठे कुठल्याच दरात जगत नाहीत, एकदाच काहीतरी हातावर ठेवून ते बंद करा. मला ते खटकलं, पण माझ्याजवळ पुरावा काय? वडील सांगायचे ना, तर्क करण्याआधी डोळे उघडून बघ. सगळ्या प्रमाणांत प्रत्यक्ष हेच थोरलं.

तर तुझा गोठा बघायला येऊ का? चार-पाच दिवस. सरकारी पाहणी आहे, त्यामुळे जेवण तुलाच घालावं लागेल.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा


१६ फेब्रुवारी

शास्त्रीबुवांना आशीर्वाद.

ये की. भावाला बहिणीकडे यायला सरकारी हुकूम लागतो हे आजच कळलं.

फक्त उद्याच येऊन टपकू नकोस. गोठ्याला चुना लावायचाय, एक गव्हाण मोडलीय, ती नीट करायचीय. मार्चच्या मध्याला ये.

बाकी गोठा छान. आठही जागा भरलेल्या. विभक्त्या सगळ्या हजर आहेत: प्रथमेपासून सप्तमीपर्यंत सात, आणि आठवी संबोधन. वडील असते तर म्हणाले असते, पोरीला शेवटपर्यंत पाठ झालं नाही ते गायींनी पाठ करून घेतलं.

हे बरे आहेत. पाठ धरते जरा, म्हणून बसून असतात. आल्या आल्या ‘डॉक्टरला दाखवा’ सुरू करू नकोस. दाखवलंय. आणि मागच्या खेपेला ‘ताई, सगळं विका आणि शहरात या, माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे’ हे प्रवचन झालं होतं, ते या वेळी घरी ठेवून ये. तुझी खोली चांगली आहे. तिच्यात गाय मावत नाही.

शेजारचे सुतारकाका विचारत होते तुला. सुतारकी सोडून गायी पाळायला लागले त्याला जन्म लोटला, तरी लोक सुतारच म्हणतात. तू यायचा म्हणून आमची गव्हाण तेच नीट करून देणारेत.

ताई


२१ मार्च

ताई,

पोचलो. कपड्यांना अजून गोठ्याचा वास येतो आणि कार्यालयात लोक माझ्यापासून थोडं लांब बसतात. इतका मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पाच दिवसांत जे पाहिलं ते पाच वर्षांच्या बैठकांत दिसलं नसतं. पांढऱ्याधोप भिंती, धुतलेली फरशी, रवंथ करणाऱ्या आठ गायी. मला वाटायचं तू पत्रात सजवून लिहितेस. माझी चूक झाली, कान धरतो.

तुझ्या विभक्त्यांबद्दल मात्र दोन तक्रारी आहेत. एक, संबोधन. हाका मारणं हा जिचा धर्म, ती पाच दिवसांत एकदाही हंबरली नाही. वय झालं असेल. दुसरी, पंचमी. मी ‘पंचमी, पंचमी’ म्हणून घसा कोरडा केला, तिने मान वळवली नाही. आणि रोज संध्याकाळी सोडली की थेट सुतारकाकांच्या फाटकाशी जाऊन उभी. पंचमीचा अर्थच मुळी ‘पासून दूर जाणं’. व्याकरणाशी इतकी प्रामाणिक गाय मी पाहिली नाही.

भाऊजी खुर्चीवरून राज्य करतात आणि चहा डाव्या हाताने घेतात, उजवा कायम कोटाच्या खिशात. एखाद्या जुन्या तसबिरीतल्या सेनापतीसारखे दिसतात. त्यांना सांग, पाठदुखी त्यांना शोभते.

आणि तुमचे सुतारकाका. काय माणूस आहे गं. उजाडायच्या आत येतात, न बोलता चार गायींची धार काढतात, चहासुद्धा घेत नाहीत. त्यांचा स्वतःचा गोठा बघू म्हटलं तर खिडक्यांना पोती लावलेली. म्हणाले, आत रंगाचं काम काढलंय. मी तुझ्या गोठ्याच्या खर्चात चारा धरला, पेंड धरली, औषधपाणी धरलं, तुझे कष्ट धरले. काकांचे धरले नाहीत. शेजारधर्माला आमच्याकडे रकाना नाही.

परवा समितीत बोललो. बोललो म्हणजे काय, वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, लहान गोठा जगत नाही हे अनुमान आहे. मी स्वतः बघून आलोय, आठ गायींचा गोठा उत्तम चालतो. त्याला बंद करायची गरज नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ताई, तुझ्या गोठ्याने सगळे लहान गोठे वाचवले.

तुझा धाकटा


२८ मार्च

धाकट्या,

पत्र मिळालं. माझ्या गोठ्याचं समितीत सांगायचं काही कारण नव्हतं. तू भाऊ म्हणून आलास, भाऊ म्हणून राहिलास, तिथे विषय संपला.

नक्की काय सांगितलंस ते कळव. लिहून दिलंयस का? दिलं असशील तर काढून घेता येतं का? दुसरे कितीतरी गोठे आहेत, ते बघ. पाच दिवसांत काय कळतं माणसाला. सगळेच दिवस तसे नसतात.

इथे सगळं ठीक.

ताई


११ एप्रिल

ताई,

तुझा विनय मी लहानपणापासून ओळखतो. शाळेत पहिली आलीस तेव्हाही घरी ‘पास झाले’ एवढंच म्हणाली होतीस. तेव्हा काढून वगैरे काही घेणार नाही. नाव घातलेलं नाही, ‘आठ गायींचा एक गोठा’ असंच आहे. अहवालात गायींवर एक अख्खा परिच्छेद लिहिलाय, अंगावरच्या तुकतुकीपासून ते सांभाळणाऱ्याच्या हातापर्यंत. सरकारी कागदावर इतकं चांगलं गद्य फार दिवसांत उतरलं नसेल.

आता बातमी. गोठे बंद करायची कल्पना बारगळली. किमान दर ठरतोय, तीन वर्षांसाठी. एक गोष्ट मात्र हातातून सुटली. लहान गोठ्यांना त्या दरावर थोडा जादा दर द्यावा, असं आधीच्या मसुद्यात होतं. तिजोरीवाले हसून म्हणाले, ‘सचिव स्वतः सांगतात ना की ते उत्तम चालतात? मग जादा कशाला?’ तेही मीच टिपणात लिहून घेतलं. पण जीव वाचला, दागिना गेला, असं समजू. तुझ्यासारखीला तो जादा दर लागणारही नाही.

भाऊजींच्या पाठीचं काय?

तुझा धाकटा


२ जून

धाकट्या,

दोन महिने तुला लिहिलं नाही. तुझी दोन कार्डं आली, ती तशीच ठेवली. आज बसलेय, तर सगळं एकदमच लिहून टाकते. मध्ये थांबले तर पुन्हा बसणार नाही.

तू पाहिलास तो गोठा माझा नव्हता. म्हणजे भिंती माझ्या होत्या. गायी माझ्या चार. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. बाकीच्या चार मागच्या वर्षी भाव पडला तेव्हाच विकल्या. तू जिला पंचमी म्हणत होतास ती सुतारकाकांची. तशीच संबोधन, तशाच आणखी दोन. त्यांनीही निम्म्या विकल्यात, त्यांच्याकडेही चारच उरल्या होत्या. तू यायच्या आदल्या दिवशी त्या आमच्या दावणीला आणून बांधल्या. त्यांच्या खिडक्यांना पोती लावली ती आतला रिकामा गोठा दिसू नये म्हणून.

कल्पना माझी. ते फक्त ‘पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, भाऊ येतोय’ एवढंच म्हणाले. तुला हसू येईल, पण तू यायच्या आधी ते आमच्या ओट्यावर बसून नावं घोकत होते. तृतीया, पंचमी, सप्तमी. त्यांच्या गायींना कधी नावंच नव्हती, सगळ्यांना ‘बाई’ म्हणतात. ‘संबोधन’ त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, ‘समाधान’ म्हणायचे.

ह्यांची पाठ चांगली आहे. हिवाळ्यात झटका येऊन गेला. उजवा हात गेलाय. बोट हलत नाही. तुझ्यासमोर खिशात घालून बसायचं हे त्यांचंच डोकं. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मला म्हणाले, ‘तुझा भाऊ मला सेनापती म्हणाला, ऐकलंस का,’ आणि डाव्या हाताने उजवा उचलून पुन्हा खिशात घातला.

का केलं विचारशील. तुझी ती रिकामी खोली, धाकट्या. तू चार गायी आणि तो हात बघितला असतास तर दुसऱ्या दिवशी आमची बोचकी बांधली असतीस, आणि तू चांगल्या मनाने केलं असतंस म्हणून मला नाही म्हणता आलं नसतं. मला वाटलं, बघेल, जेवेल, जाईल. समितीत बहिणीचा गोठा कोण सांगतं? तू सांगितलंस. आणि मी तुला मार्चमध्येच स्पष्ट लिहायला हवं होतं, तर ‘सगळेच दिवस तसे नसतात’ असलं काहीतरी लिहून बसले.

तू पाहिलंस ते दोन घरांचे कष्ट आणि एका घराचा खर्च. असा गोठा कोणाचाही उत्तम चालेल.

आता काय झालंय ते सांगते. संकलन केंद्राच्या भिंतीवर नवा दर लावला, शेजारी वर्तमानपत्राचं कात्रण. त्यात लिहिलंय की समितीच्या सचिवांनी स्वतः पाहिलेला आठ गायींचा गोठा या दरात चांगला चालतो, सबब लहान गोठ्यांना जादा दर देण्याचं कारण नाही. रांगेत सगळे किटल्या घेऊन उभे. सचिव कोणाचा भाऊ हे सगळ्यांना ठाऊक. मापाड्याने मान वर केली नाही.

सुतारकाकांनी ते कात्रण दोनदा वाचलं. मग माझी किटली उचलून पुढे ठेवली, रोज ठेवतात तशी. वाटेत म्हणाले, ‘म्हणजे आपल्याच गायी नडल्या म्हणायच्या.’

या दरात त्यांना चार गायी ठेवता येत नाहीत. विकायच्या म्हणतात. व्यापाऱ्याने जुलैचा वायदा केलाय. तोवर तुला काही करता येतं का बघ. माझ्यासाठी नको. माझं मी बघेन.

ताई


९ जून

ताई,

पत्र काल आलं. आधी उभ्याने वाचलं, मग बसून. तुझ्या भावजयीने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, मला गायी ओळखता येत नाहीत.

तुझ्यावर रागावायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खोली रिकामी आहे हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. मला वाटायचं मी दार उघडं ठेवतोय.

आज अध्यक्षांकडे गेलो. ते झाडांना पाणी घालत होते. म्हणाले, ‘तुम्ही खोटं लिहिलंत असं म्हणता?’ म्हटलं, नाही, खोटं पाहिलं आणि खरंखरं लिहिलं. ते म्हणाले, ‘पाहणी चुकली असं तोंडी सांगून चालत नाही. कशी चुकली, कोणी चुकवली, लेखी द्या. मग बैठक बोलावता येते का पाहू.’ कोणी चुकवली म्हणजे तुझं नाव. सरकारी पाहणीत दुसऱ्याच्या गायी दाखवल्या, असा त्याचा अर्थ होतो. संकलन केंद्र तुझं दूध घेणं थांबवू शकतं. भाऊजींची ही अशी स्थिती असताना मी ते लिहू का? मला ठरवता येत नाही, आणि न ठरवायचं काम मी आयुष्यभर फार सफाईने केलंय.

सांग.

धाकटा


१४ जून

धाकट्या,

लिही. माझं नाव घालून लिही. ह्यांनाही विचारलं. म्हणाले, ‘हातही लिहू दे. उजवा.’

जुलै जवळ येतोय. घाई कर.

ताई


६ जुलै

ताई,

सगळं लिहिलं. चार गायी तुझ्या, चार शेजाऱ्यांच्या, दोन घरांचे कष्ट एका घराच्या नावावर, चूक पाहणाऱ्याची. तुझं नाव घातलं, आणि त्याच्या वर माझं.

बैठक झाली. मला आत बोलावलं नाही. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, जिथे आमचा शिपाई बसतो. दारातून तिजोरीवाल्यांचा आवाज ऐकू येत होता. ते रागावले नव्हते, तेच वाईट होतं. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, ‘सचिवसाहेब, मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो? लहान गोठे जगत नाहीत. तुमचं हे पत्र माझ्याच बाजूचं आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून गोठे बंद करताना त्यांना मिळायचे ते पैसेसुद्धा गेले.’ मग माझ्या खांद्यावर थोपटून गेले. मी त्यांना पाच महिने हसत होतो.

निर्णय असा: दर तीन वर्षांसाठी अधिसूचित झाला आहे. एका गोठ्याच्या चुकीमुळे तो बदलता येत नाही. पत्र नोंद करून ठेवलं. तुझ्यावर काही कारवाई नाही, तेवढी दया दाखवली. मला समितीतून काढलं आहे. आता मी जुन्या अभिलेखांच्या खोलीत बसतो. तिथे कोणी बोलत नाही, त्यामुळे लिहून घेण्याचंही काही नसतं.

सुतारकाकांना थांबवता येतं का? मी माझ्या खिशातून काही

हे वाक्य पुरं करत नाही. त्यांना ते सांगायची माझी हिंमत नाही, तू सांगशील असंही वाटत नाही.

येऊ का? गोठा बघायला नाही.

धाकटा


२२ जुलै

धाकट्या,

काल ट्रक आला.

सकाळी धार काढली त्यांनी, नेहमीसारखी. शेवटचं दूधही केंद्रावर घातलं. मी म्हटलं, आज तरी घरात ठेवा. म्हणाले, ‘एकटा माणूस किती पिणार?’ गायी फाटकातून बाहेर काढल्या तर त्या ट्रककडे जाईनात. आमच्याकडे वळल्या. चौघीही ओळीने आमच्या गोठ्यात शिरून आपापल्या जागी उभ्या राहिल्या, मार्चमध्ये बांधल्या होत्या तिथे. मला त्या हाकलता येईनात. ट्रकवाला हसत होता, त्याचं काय चुकलं, बघायला गंमतच होती. शेवटी सुतारकाकाच आत आले आणि एकेकीला नावाने बाहेर नेलं. तृतीया, पंचमी, सप्तमी. शेवटच्या गायीपाशी थांबले आणि म्हणाले, ‘चल समाधान.’

कुठे गेल्या विचारू नकोस. मी विचारलं नाही.

आज ते मुलीकडे निघाले, चौथ्या मजल्यावर. गोठ्याचं दार लावून किल्ली आमच्याकडे दिली. मी खूप दिवस मनात जुळवून ठेवलेलं बोलायला लागले, तर म्हणाले, ‘ताई, तुम्ही भावाला घर दाखवलंत. कोण नाही दाखवत?’ मी रडले. ह्यांनी डावा हात पुढे केला, तर काकांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग फाटकातून परत फिरले. मला म्हणाले, ‘तुमच्या भावाने सरकारी कागदात गायींबद्दल चांगलं लिहिलंय म्हणाला होतात ना? तेवढा कागद मला मिळेल का? मुलीला दाखवीन. तिला वाटतं मी लाकूड सोडून उगाच जन्म घालवला.’

तेवढं पाठव. ये म्हणायचं ते मी कळवीन. सध्या नको. माझ्या चार आहेत, सकाळची धार मी एकटी काढते, पहिल्या दोन गायींपर्यंत काही वाटत नाही.

ताई


२९ जुलै

ताई,

छापील अहवाल काढून पाहिला. आता तो माझ्याच खोलीत येऊन पडला आहे. गायींवरचा परिच्छेद त्यात नाही. अध्यक्षांनी समासात ‘अनावश्यक’ लिहून तो खोडला होता. आकडे तेवढे ठेवले. माझा मूळ मसुदाही शोधला. त्यात गायी आठ आहेत आणि मालक एक, तो पाठवण्यासारखा नाही.

म्हणून नव्याने लिहिला आहे, हाताने. यावर शिक्का नाही, जावक क्रमांक नाही, याला सरकारी म्हणता येणार नाही. काकांना तसं सांग, किंवा सांगू नकोस. मी जे पाहिलं तेवढंच लिहिलं आहे. कागद सोबत जोडतो.

धाकटा


(सोबतचा कागद)

पाहणी: मार्च महिना, सलग पाच दिवस.

गायी चार. मालक: सुतारकाका. पाहणीच्या वेळी गायी शेजारच्या गोठ्यात बांधलेल्या होत्या, मालकी त्यांचीच.

पहिली गाय तांबूस, उजव्या कानाला लहानशी चीर, ती बरी होऊन जुनी झालेली. दुसरी काळी, पाठीवर हात फिरवला तर हात घसरावा इतकी तुकतुकीत. तिसरी वयाने मोठी, दात झिजलेले; तिचा चारा वेगळा, बारीक करून दिला जात असे. चौथी शांत. चौघींच्याही कासा मऊ, कुठे सूज नाही, जखम नाही. खूर वेळच्या वेळी साफ केलेले. अंगावर गोचीड आढळली नाही. माणूस जवळ गेला असता एकही गाय बिचकत नाही, यावरून त्यांना कधी मारलेले नसावे. सांभाळ उत्तम. पाहणी करणाऱ्याने याहून चांगल्या राखलेल्या गायी पाहिलेल्या नाहीत.

पहाटे मालक गोठ्यात शिरले की या चार गायी उठून उभ्या राहत, उरलेल्या चार बसून राहत. पाचही दिवस असेच घडले. पाहणी करणाऱ्याने ते पाहिले. त्याची नोंद घ्यावी असे त्याला वाटले नाही.